पाळण्यांतला मोतीबिंदु

मोतीबिंदु म्हटला म्हणजे बहुतेक श्रोत्यांच्या मनासमोर एखाद्या आजीबाईंची मूर्ति उभी राहते. भिंत चांचपीत ओसरीवर येणारी आणि आलेल्या माणसाला चेहऱ्यावरून न ओळखतां आवाजावरून ओळखणारी अशी आजी पुष्कळांनीं आपल्या घरांत पाहिलेली असते. वय झालें म्हणजे केस पिकतात, तसेंच डोळ्यांतील भिंगहि पिकतें, हें सर्वांना माहीत आहे, आणि त्यावरचा इलाजहि माहीत आहे. परंतु हाच मोतीबिंदु पाळण्यांतल्या तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत दिसावा, ही गोष्ट अगदीं निराळी होय. बाळ तीन महिन्यांचें होतें, तरी आईच्या मुखाकडे पाहून हंसत नाहीं. दिव्याकडे मान वळवीत नाहीं. आणि एके दिवशीं उजेडांत न्हाऊं घालतांना आईच्या ध्यानांत येतें, कीं बाळाच्या बुबुळामधील काळी बाहुली काळी नाहींच, ती पांढुरकी आहे.

अशा वेळीं घरांत पहिला शोध सुरू होतो तो अपराध्याचा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलें जातें, कीं ग्रहण चालू असतां गरोदर बाईनें भाजी चिरली असेल, सुईदोरा हातांत धरला असेल, म्हणून मुलांत व्यंग आलें. कोणी पूर्वजन्मीचें पाप म्हणतात, कोणी सटवाईनें कपाळीं असेंच लिहिलें असें म्हणून गप्प बसतात. बोट शेवटीं आईकडे वळतें. हें अज्ञान केवळ खेड्यांतलें आहे असेंहि नाहीं. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत मोठमोठीं वैद्यकीय पुस्तकेंहि जन्मजात व्यंगाचें कारण प्रायः रक्तांत, म्हणजे आनुवंशिकतेंत शोधीत असत. शब्द शास्त्रीय होते, पण आईबापांच्या पदरीं पडणारा अर्थ पुष्कळसा तोच होता.

ही समजूत प्रथम ज्यानें जोरानें हालविली तो कोणी मोठ्या प्रयोगशाळेंतला शास्त्रज्ञ नव्हता. तो रोज रोगी तपासणारा एक नेत्रवैद्य होता. त्याचें नांव नॉर्मन मॅक्‌ॲलिस्टर ग्रेग. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं १८९२ सालीं त्याचा जन्म झाला. १९१५ सालीं वैद्यकाची पदवी घेऊन तो पहिल्या महायुद्धांत सैन्याबरोबर गेला आणि तेथें शौर्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हें पदक मिळालें. पुढें इंग्लंडांत नेत्ररोगांचा विशेष अभ्यास करून तो सिडनीला परतला, आणि तेथील मुलांच्या रुग्णालयांत व आपल्या खासगी दवाखान्यांत काम करूं लागला.

१९४१ सालच्या पूर्वार्धांत त्याच्याकडे जन्मजात मोतीबिंदूचीं मुलें येऊं लागलीं. असें एखादें मूल येणें नवलाचें नव्हतें. नेत्रवैद्याच्या आयुष्यांत अशीं मुलें अधूनमधून येतातच. परंतु एकामागून दुसरें आलें, दुसऱ्यामागून तिसरें आलें, आणि तीं एकमेकांसारखीं दिसूं लागलीं. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु होता. मधला भाग दाट पांढरा, आणि कडेचा भाग त्या मानानें विरळ. कित्येकांचे डोळे आकारानेंच लहान होते. बाहुली मोठी करण्यासाठीं अ‍ॅट्रोपिनचे थेंब घातले, तरी ती नेहमींसारखी विस्फारत नसे. शिवाय हीं मुलें अंगानें किरकोळ, सदा किरकिरणारीं, दूध नीट न पिणारीं अशीं होतीं, आणि निम्म्याहून अधिक मुलांच्या हृदयांत जन्मजात दोष होता.

दुसऱ्या एखाद्या वैद्यानें डोळा तेवढा पाहिला असता, शस्त्रक्रियेची तारीख दिली असती आणि पुढच्या रोग्याला हांक मारली असती. ग्रेगनें संपूर्ण मूल पाहिलें, आणि मग स्वतःला एक प्रश्न विचारला. घराण्यांत कोठेंहि मोतीबिंदु नाहीं, मुलें निरनिराळ्या कुटुंबांतलीं, निरनिराळ्या गांवांतलीं; मग एकाच वर्षीं हीं सारीं अशींच कां जन्मावीं? रक्तांतला दोष पंचांग पाहून येत नाहीं. ज्या अर्थीं तो एकाच हंगामांत आला आहे, त्या अर्थीं त्या हंगामांत बाहेरून कांहीं तरी घडलेलें असलें पाहिजे.

काय घडलें असावें, याचा माग त्याला खुद्द मोतीबिंदूनेंच दाखविला. डोळ्यांतील भिंगाची वाढ झाडाच्या खोडासारखी होते. जुना भाग मध्यें राहतो आणि नवे थर बाहेरून चढत जातात. गर्भ सुमारें चार आठवड्यांचा असतां भिंगाचा पाया पडतो, आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास त्याचा मधला गाभा भरून येतो. म्हणून मधलाच भाग पांढरा आणि बाहेरचा बराच स्वच्छ असेल, तर घाव गर्भावस्थेच्या अगदीं आरंभीं बसला आहे असें समजावें. ग्रेगनें मुलांच्या जन्मतारखांवरून मागें मोजीत जाऊन पाहिलें. त्यांच्या गर्भावस्थेचे ते पहिले आठवडे १९४० सालच्या मध्याच्या आसपास येत होते. त्याच वेळीं ऑस्ट्रेलियांत एका रोगाची फार मोठी सांथ चालू होती. दुसरें महायुद्ध सुरू झालेलें, हजारों तरुण छावण्यांत एकत्र आलेले, आणि तेथून घरोघर गेलेला तो रोग म्हणजे जर्मन गोवर, ज्याला आज रुबेला म्हणतात.

दवाखान्याच्या ओसरींत थांबलेल्या दोन आया आपापसांत बोलत होत्या, आणि गरोदरपणीं अंगावर पुरळ उठल्याची त्यांची गोष्ट ग्रेगच्या कानीं पडली, अशी एक आख्यायिका सिडनींत पुढें सांगितली जाऊं लागली. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्यानें आयांना विचारलें आणि त्यांनीं सांगितलेलें ऐकून घेतलें, एवढें निश्चित. मग त्यानें आपल्या सहव्यवसायी नेत्रवैद्यांनाहि त्यांच्या रोग्यांविषयीं विचारलें. त्याचीं स्वतःचीं १३ मुलें होतीं. इतरांचीं मिळून एकूण ७८ झालीं. त्यांपैकीं ६८ मुलांच्या आयांना गर्भारपणीं, बहुधा पहिल्या एकदोन महिन्यांत, जर्मन गोवर येऊन गेला होता. कित्येकींना तर तेव्हां आपल्याला दिवस गेले आहेत हेंहि माहीत नव्हतें. १५ ऑक्टोबर १९४१ रोजीं मेलबोर्न येथें नेत्रवैद्यांच्या परिषदेंत ग्रेगनें हा निबंध वाचला.

हा रोग किती क्षुल्लक समजला जात होता हें लक्षांत घेतलें, म्हणजे या शोधाचें आश्चर्य अधिक वाटतें. अठराव्या शतकांत जर्मन वैद्यांनीं त्याचें वर्णन केलें, म्हणून तो जर्मन गोवर. १८६६ सालीं हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करी वैद्यानें त्याला रुबेला हें सुटसुटीत नांव सुचविलें. थोडी कणकण येते, कानामागें व मानेवर गांठी सुजतात, चेहऱ्यावर गुलाबी पुरळ उठून अंगभर पसरतें, आणि तीन दिवसांत सर्व मावळतें. पुष्कळांना तर पुरळहि उठत नाहीं. खऱ्या गोवराला माणसें भीत. याला कोणी भीत नसे. आईला जो रोग धड अंथरुणालाहि खिळवीत नाहीं, तो तिच्या उदरांतल्या जीवाचे डोळे नेतो, ही गोष्ट त्या वेळच्या वैद्यांना पटणें अवघड होतें.

या मुलांवर शस्त्रक्रिया करणें हेंहि सोपें काम नव्हतें. म्हाताऱ्या माणसाचें भिंग कठीण झालेलें असतें. तान्ह्या मुलाचें भिंग मऊ असतें. त्या काळची रीत अशी, कीं सुईसारख्या बारीक शस्त्रानें भिंगाचें आवरण छेदावें, आणि आंतील गढूळ द्रव्य डोळ्यांतील पाण्यांत हळूहळू विरूं द्यावें. हें एकदां करून भागत नसे. पुनः पुनः करावें लागे. प्रत्येक वेळीं भूल द्यावी लागे, आणि हृदय दुबळें असलेल्या किरकोळ बालकाला भूल देणें म्हणजे जीवाशीं खेळ होता. बरें, थांबावें म्हटलें तर तेंहि घातक. पाहणें हें केवळ डोळ्याचें काम नाहीं. तें मेंदूनें शिकावयाचें असतें, आणि शिकण्याचा काळ आयुष्याच्या आरंभींचा असतो. त्या काळांत डोळ्यांत स्वच्छ प्रतिमा पोंचली नाहीं, तर पुढें पडदा दूर झाला तरी मेंदू पाहूं शकत नाहीं. एका बाजूला भुलेची भीति आणि दुसऱ्या बाजूला सरत चाललेले महिने, या दोहोंमध्यें त्या शल्यवैद्यांना निर्णय घ्यावा लागे.

पुढें आणखी एक गोष्ट कळली. गर्भाच्या भिंगाभोंवतीं बंद आवरण असतें. रोगाचा विषाणु आवरण पुरें होण्यापूर्वीं आंत शिरला, म्हणजे तो तेथें कोंडला जातो. अशा मुलांच्या भिंगांतून जन्मानंतर महिनोन् महिने, क्वचित् दोनतीन वर्षेंहि, जिवंत विषाणु सांपडलेला आहे. या डोळ्यांवरील शस्त्रक्रियेनंतर दाह फार कां होतो, याचा उलगडा त्यामुळें पुष्कळ अंशीं झाला.

आपल्या निबंधांत ग्रेगनें एक सावधगिरीची सूचना दिली होती. आज जे दोष दिसतात त्यांखेरीज आणखी दोष या मुलांत असतील, आणि मुलें वाढूं लागतील तसतसे ते उघड होतील, असें त्याला वाटत होतें. तसेंच झालें. मुलें वर्षाचीं झालीं, दोन वर्षांचीं झालीं, पण बोलेनात. तीं ऐकतच नव्हतीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील चार्ल्स स्वान आणि त्याचे सहकारी यांनीं १९४३ सालीं अशा कुटुंबांची स्वतंत्र तपासणी प्रसिद्ध केली. तींत ग्रेगच्या म्हणण्याला पुष्टि मिळाली आणि बहिरेपणाचीहि भर पडली. डोळा, कान आणि हृदय यांची घडण गर्भांत साधारण एकाच काळांत चालू असते. म्हणून एकाच घावाच्या खुणा तिन्ही ठिकाणीं उमटतात.

तरीहि सर्वांना हें पटलें नाहीं. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकानें १९४४ सालीं असा अभिप्राय दिला, कीं ग्रेगनें आपला मुद्दा सिद्ध केलेला नाहीं. आज हें वाचून हंसूं येईल, परंतु तो आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. ग्रेगनें सुरुवात केली ती आजारी मुलांपासून, आणि तेथून तो मागें आयांकडे गेला. ज्या आयांना जर्मन गोवर येऊनहि निरोगी मुलें झालीं, त्या नेत्रवैद्याच्या दारीं येणारच कशाला? त्यांची मोजदाद राहून गेली. दुसरें असें, कीं व्यंग असलेल्या मुलाची आई आपल्या गर्भारपणाचे दिवस आठवून आठवून काढते. निरोगी मुलाची आई तीन दिवसांचें पुरळ विसरून जाते. म्हणून कारण कोणतें, हें या रीतीनें सुचलें. धोका किती, हें मात्र ठरलें नाहीं.

त्यासाठीं उलट दिशेनें जाणें भाग होतें. गरोदरपणीं रोग झालेल्या स्त्रिया आधीं नोंदवावयाच्या, आणि मग त्यांच्या मुलांची वाट पाहावयाची. इंग्लंडांत व इतरत्र अशा पाहण्या झाल्या, तेव्हां धोका आरंभींच्या अंदाजापेक्षां पुष्कळ कमी निघाला. कांहीं काळ असें वाटलें, कीं ग्रेगच्या शोधानें भय वाजवीपेक्षां अधिक पसरविलें. पण त्यांतहि एक खोंच होती. गुलाबी पुरळ अनेक रोगांत उठतें, आणि नुसत्या पुरळावरून नोंदलेल्या पुष्कळ स्त्रियांना जर्मन गोवर झालेलाच नव्हता. पुढें रक्ताच्या परीक्षेनें रोग निश्चित करतां येऊं लागला, तेव्हां खरा आंकडा दिसला. गर्भावस्थेच्या पहिल्या दहाअकरा आठवड्यांत गर्भाला संसर्ग झाला, तर व्यंगाचा संभव नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. पुढें तो झपाट्यानें उतरतो, आणि पांचव्या महिन्यानंतर असे दोष क्वचितच आढळतात. निबंध वाचला गेल्यापासून हा आंकडा पक्का होईपर्यंत सुमारें चाळीस वर्षें गेलीं.

मधल्या काळांत ऑस्ट्रेलियाचे संख्याशास्त्रज्ञ ऑलिव्हर लँकास्टर यांनीं एक मार्मिक काम केलें. १९५१ सालीं त्यांनीं आपल्या देशाच्या जुन्या खानेसुमाऱ्या तपासल्या. एकोणिसावें शतक संपतांना जन्मलेल्या पिढींत बहिऱ्यांची संख्या एकाएकीं वाढलेली त्यांना दिसली, आणि त्याच सुमारास जर्मन गोवराची सांथ येऊन गेल्याचेंहि आढळलें. म्हणजे हा रोग पूर्वीहि मुलांचें ऐकणें नेतच होता. त्या वेळच्या आयांपैकीं कित्येकींनीं आपल्या वैद्यांना पुरळाची गोष्ट सांगितलीहि असेल. ती कागदावर उतरली नाहीं, एवढेंच.

रोगाचा विषाणु १९६२ सालीं अमेरिकेंत दोन निरनिराळ्या संशोधक मंडळींनीं वेगळा काढला. लस तयार होण्यापूर्वींच १९६४–६५ सालीं तेथें मोठी सांथ आली. सुमारें सव्वा कोटि माणसांना रोग झाला आणि जवळजवळ २०,००० बालकें व्यंग घेऊन जन्मलीं. त्यांत सुमारें १२,००० बहिरीं आणि साडेतीन हजारांहून अधिक आंधळीं होतीं. पहिली लस अमेरिकेंत १९६९ सालीं मान्य झाली. ग्रेगला १९५३ सालीं ‘सर’ हा किताब मिळाला होता. परंतु लस पाहण्यास तो राहिला नाहीं. १९६६ सालीं त्याचें देहावसान झालें.

आज या लशीचें फळ उघड दिसतें. उत्तर व दक्षिण अमेरिका या दोन्ही खंडांतून स्थानिक रुबेला नाहींसा झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. ज्या ऑस्ट्रेलियांत ही कथा सुरू झाली, तेथेंहि २०१८ सालीं तो हटल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. भारतांत गोवर आणि रुबेला यांवरील एकत्रित लशीची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्यें पांच प्रदेशांत सुरू झाली, आणि गोवा हा त्या पांचांपैकीं एक होता. महाराष्ट्रांत ती मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्यें आली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आंतील मुलांना शाळाशाळांतून लस टोंचली गेली. आतां नऊ ते बारा महिन्यांच्या वयांत पहिली व सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयांत दुसरी, अशा दोन मात्रा बालकांना दिल्या जातात.

या लशीच्या बाबतींत एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. ती टोंचली जाते एका मुलाला, पण वाचवते पुष्कळदां दुसऱ्याच्या मुलाला. शाळेंत जाणाऱ्या मुलाला हा रोग झाला तर तीन दिवसांत बरा होईल. परंतु तोच रोग तो शेजारच्या नव्या सुनेला देईल, आणि तिला आपण गरोदर आहों हें अजून ठाऊकहि नसेल. म्हणून “आमच्या मुलाला एवढ्याशा रोगाची लस कशाला?” हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांनीं शेजारच्या घराचाहि विचार करावा. गरोदरपणीं मात्र ही लस देत नाहींत. जी मुलगी पूर्वीं लशीवांचून राहिली असेल, तिनें वैद्याच्या सल्ल्यानें ती आधींच घ्यावी, आणि त्यानंतर निदान एक महिना दिवस जाऊं देऊं नयेत.

आणि लस असूनहि एखाद्या तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत पांढरी बाहुली दिसलीच, तर एक दिवसहि न दवडतां त्याला नेत्रवैद्याकडे न्यावें. मूल मोठें झाल्यावर पाहूं, हा सल्ला कितीहि वडीलधाऱ्या माणसानें दिला तरी मानूं नये. पांढऱ्या बाहुलीचें कारण मोतीबिंदुच असेल असें नाहीं. डोळ्याच्या आंतील पडद्यावर लहान मुलांना होणारी कर्करोगाची गांठहि अशीच दिसते, आणि तेथें दृष्टीबरोबर प्राणाचाहि प्रश्न असतो. मोतीबिंदु असेल तर आजच्या शस्त्रांनीं आणि आजच्या भुलेनें फार लहान वयांत शस्त्रक्रिया करतां येते. तिच्यामागून चष्मा आणि वर्षानुवर्षांची चिकाटीची देखभाल मात्र लागते, आणि तो भार आईबापांवरच पडतो.

तो भार उचलणाऱ्या आईच्या माथीं दोषाचा दुसरा भार तरी देऊं नये. तिनें ग्रहणांत भाजी चिरली म्हणून हें झालें नाहीं. मुलाचा मोतीबिंदु या रोगानें आला असेल, तर सांथीच्या दिवसांत तिच्या घरींदारीं आलेल्या कोणाकडून तरी तिला तो लागला, आणि कोणाकडून लागला हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. सिडनीच्या त्या नेत्रवैद्यानें १९४१ सालीं दुःखी आयांना आधीं विचारलें तें हेंच, कीं “गरोदरपणीं काय झालें होतें?” त्यांनीं जें सांगितलें, तें त्यानें टिपून ठेवलें. आज पाळण्यांतलीं लाखों मुलें जें पाहतात आणि ऐकतात, त्यांत त्या आयांच्या उत्तराचा मोठा वांटा आहे.